आत्यांना येरमाळ्याला नेलं तेव्हा

मालक जाऊन दोन महिने झाले होते. ऊस कारखान्यावर टाकून घरी आले, ओट्यावर बसले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून मला काही वाटतच नव्हतं. भेटायला आलेली माणसं रडायची, मी चहा ठेवायचे.

घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मालक आणि मी प्रभू येशूच्या मार्गावर आलो, आत्या आल्या नाहीत. त्यांची देवी येरमाळ्याची येडाई. एका दुपारी त्या म्हणाल्या, "मला येडाईकडं ने."

"कशाला, आत्या?"

"भांडायला. लेक नेला माझा. तुझा देव बरा, घरबसल्या ऐकतो म्हणती. माझी डोंगरावर बसती. जावं लागतं."

त्यांचे गुडघे गेलेले. एकटीनं पायऱ्या चढणं होणार नव्हतं.

दर बुधवारी मंडळीतल्या बाया माझ्याकडं प्रार्थनेला यायच्या. मालकांनंतर घरात येऊन बसणाऱ्या तेवढ्याच. मी घाबरत त्यांना विचारलं. त्यांच्यातल्या वडीलबाई म्हणाल्या, "खाली थांब. देवळात पाय टाकू नको बाई."

मग मंडळीच्या पाळकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तीन दिवस प्रार्थना करा. ज्या वाटेनं मनाला शांती मिळेल, ती देवाची इच्छा. पण आत गेलात, तर या महिन्याच्या प्रभुभोजनात भाग घेता येणार नाही."

तीन दिवस भांडी घासून झाली की मी गुडघे टेकायचे. नेऊ म्हटलं तरी शांती नाही. नको म्हटलं तरी नाही. तळमळही नाही. शांती कशात शोधायची? आत काही हलतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आत्यांनी विचारलं, "काय म्हणतो तुझा येसू? रागावंल व्हय?"

"माहीत नाही. बोलत नाही."

"माझी बी बोलंना," त्या म्हणाल्या. "लेक गेल्यापासून."

चौथ्या दिवशी सकाळी दारातून बघितलं, तर आत्या काठी टेकत एकट्याच एसटीच्या थांब्याकडं निघालेल्या. पदराला खण बांधलेला. मी चप्पल घातली, पाण्याची बाटली घेतली आणि मागं गेले. विचार केला असं म्हणता यायचं नाही.

येरमाळ्याला उतरलो. चार पायऱ्या चढायच्या, बसायचं. मी त्यांना काखेत हात घालून धरलं होतं. नारळवाली म्हणाली, "लेक दिसती म्हातारीची." आत्या म्हणाल्या, "सून हाय. लेकी एवढं ओढत न्हाईत." ती हसली.

देवळाच्या दारात आत्या थांबल्या. "तू ऱ्हा हितंच. तुझ्या लोकास्नी चालत न्हाय." आणि एकट्याच आत जायला लागल्या. उंबरा उंच होता. त्यांचा पाय उचलेना. मागं गर्दी दाटली. मी वाकून त्यांचा पाय हातानं पलीकडं ठेवला, मग आपला ठेवला.

मी हात जोडले नाहीत. आत्यांना नुसतं धरून उभी राहिले. त्या भांडतील असं मला वाटलं होतं. त्या देवीला म्हणाल्या, "ही माझी सून. हिला आता कुणी न्हाय. बघ." एवढंच. खण ठेवला आणि वळल्या.

मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

रविवारी मी आपण होऊन पाळकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "शांती मिळाली होती का?"

"नाही."

"मग देवाची इच्छा आहे हे कसं ठरवलंत?"

मला नीट बोलता येत नाही. मी म्हटलं, "आत्या एकट्या निघाल्या होत्या."

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "तरी या महिन्यात नको."

मी मागच्या चटईवर बसले. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट हातोहात माझ्यापर्यंत आलं. वडीलबाईंनी ते माझ्यापुढं जरा जास्तच वेळ धरलं, माझ्याकडं न बघता. मी ताट घेतलं आणि तसंच शेजारणीकडं दिलं.