आम्ही कॅम्पिंगला का जायचो

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तुला जपानमध्ये कॅम्पिंग आवडायचं?" मी तोंड उघडण्याआधीच तुमची आई म्हणाली, "आजीला फार आवडायचं. तीच तर सगळी तयारी करायची." तयारी मी करायचे हे खरं आहे, आवडायचं हे खरं नाही. तुम्ही या उन्हाळ्यात तंबू घेऊन निघणार आहात, म्हणून ते आत्ता लिहिते आहे. यातली एक गोष्ट मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेली नाही. तुम्हाला हे वाचून दाखवताना ती मध्येच थांबेल. थांबू द्या.

आम्ही जपानमधल्या ग्योतोकु नावाच्या उपनगरात राहत होतो, दोन खोल्यांच्या घरात. पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाले तेव्हा नुकतेच मोठ्या संख्येने येऊ लागले होते. तुमचे आजोबा सकाळी साडेसहाला निघत आणि परतत तेव्हा तुमची आई झोपलेली असे. शनिवारी टेस्टिंग, रविवारी कधी क्लायंटचा फोन. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, जपानी शाळेत जायची, आणि मी मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची. मी पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. तिथून बिनपगारी रजा घेऊन आले होते.

कॅम्पिंगची कल्पना माझीच. आमच्या घरापासून ट्रेन आणि बस मिळून सव्वा तासावर एक सरकारी उद्यान होतं. तिथे तंबू भाड्याने मिळायचा. फोन करून जागा धरावी लागे. माझं जपानी दुकानापुरतं आणि स्टेशनपुरतं, म्हणून फोन तुमची आई करायची. महिन्यातून एक शनिवार-रविवार हे तिघांचे, असं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं, आणि तुमच्या आजोबांनी कसंबसं ऑफिसात कबूल करून घेतलं होतं.

ते दोन दिवस माझ्यासाठी कसे असत, तेही सांगते. शुक्रवारी पोळ्या, कोरडी चटणी, शिजवलेल्या वरण-भाताचे डबे. चाकांच्या पिशवीत शेगडी, भांडी, चादरी. स्टेशनवर जिने. परतताना कचरासुद्धा सोबत आणायचा, कारण उद्यानात टाकायची सोय नव्हती. भरल्या गाडीत मी जळणाऱ्या कचऱ्याची एक आणि न जळणाऱ्याची एक अशा दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसायचे. सोमवारी माझी पाठ धरलेली असे. आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं, तो माणूस तिथे पोचला की झाडाखाली आडवा व्हायचा.

मी ते मनात धरून होते. माझं म्हणणं असं, की मुलीला बाप दिसावा म्हणून आपण इतकं ओझं वाहतो, आणि बाप घोरतो.

आता ती गोष्ट. आमच्या इमारतीतल्या तीन बायका मार्चमध्ये मुलांना घेऊन भारतात परत गेल्या होत्या. तसा रिवाजच पडला होता. जपानी शाळेचं वर्ष मार्चला संपतं, पुण्याचं जूनमध्ये सुरू होतं. मूल चौथी-पाचवीच्या आत परतलं तर आपल्या शाळेत रुळतं, नाहीतर धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही, असं सगळे म्हणायचे. नवरे इथेच राहत, वर्षातून एकदा तिकडे जात. त्या ऑक्टोबरात मीही ठरवलं, की मार्चमध्ये तुमच्या आईला घेऊन जायचं. माझी रजाही संपत आली होती. मी माझ्या सासूबाईंना पत्राने कळवलं होतं. तुमच्या आजोबांना सांगायचं राहिलं होतं. घरी ते जागे सापडत नव्हते, म्हणून कॅम्पवर जेवणानंतर सांगायचं, असा माझा बेत होता.

त्या शनिवारी अकरा वाजता पोचलो. सव्वाअकराला ते बूट नीट जोडून चटईशेजारी ठेवून झोपले. मी शेगडी पेटवून कुकर लावला. आधीच्या खेपांना मी घरून शिजवून नेत असे, कुकर पहिल्यांदाच आणला होता. त्या दिवशी गरम वरण-भात खाऊ घालून बोलावं असं मनात होतं. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतली माणसं वळून पाहायला लागली. दुसरीला त्यांनी मुलांना मागे ओढलं. तिसरी होते न होते तोच उद्यानाचे म्हातारे रखवालदार लाल बादलीत पाणी घेऊन जवळजवळ पळत आले. मी "दाइजोबु, दाइजोबु" म्हणत राहिले. काही होत नाही, एवढंच मला सांगता येत होतं.

तुमची आई पुढे झाली. तिने कमरेत वाकून माफी मागितली आणि सांगितलं, की हे फुटत नाही, यात डाळ शिजते, आणि आमच्याकडे आवाज आला नाही तर लोकांना काळजी वाटते. रखवालदार हसले, बादली खाली ठेवली. मग त्यांचं लक्ष चटईकडे गेलं. इतक्या आवाजातही तो माणूस हललेला नव्हता.

"तुझे वडील आजारी आहेत का?" त्यांनी विचारलं. इतपत जपानी मला कळत होतं.

"नाही. ते इथे झोपायला येतात," ती म्हणाली. "घरी फोन वाजतो. इथे मी लक्ष ठेवते."

रखवालदार गेल्यावर मी तिला विचारलं, "लक्ष ठेवते म्हणजे काय गं?"

"बाबाने सांगितलंय," ती या वेळी मराठीत म्हणाली. "तो झोपला की त्याचा मोबाइल माझ्याकडे. ऑफिसचा फोन आला तर सांगायचं, बाबा नदीत आहे."

"इथे नदी कुठे आहे?"

"त्यांना कुठे माहितीये?"

तिने खिशातून तो फोन काढून दाखवला. आठ महिने हे दोघांचं चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. ती त्याच्या उशाशी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसायची, ते मला दिसायचं. पण मला वाटायचं, बिचारी कंटाळून बसली आहे.

ते साडेचारला उठले. तुमची आई भांडी घासायला नळावर गेली होती.

"उठवायचं नाही का?" ते म्हणाले.

मी चहा पुढे ठेवला आणि सांगून टाकलं, की मार्चमध्ये हिला घेऊन पुण्याला जायचा माझा विचार आहे. त्यांनी कप उचलला नाही.

"शाळेत कळवलंस?"

"नाही. तुमच्या आईंना कळवलंय."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"तुम्हाला सांगायला तुम्ही जागे कधी होतात?"

त्यांनी बूट पायात चढवले. मग म्हणाले, "जा. मी अडवणार नाही. पण तुम्ही दोघी गेलात तर मी रविवारीही ऑफिसातच जाईन. घरी यायला मला कारण उरणार नाही. हे भांडण म्हणून सांगत नाही, माझं मला माहीत आहे."

तेवढ्यात तुमची आई ओली भांडी छातीशी धरून पळत आली. थंडीत उद्यान बंद राहणार होतं, आणि नेहमीच्या लोकांची एप्रिलची नावं ते रखवालदार आत्ताच लिहून घेत होते.

"आई, देऊ ना आपलं नाव? एप्रिलला मी पाचवीत असेन."

तुमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खूप दमले होते. सकाळपासून मनात जुळवलेली सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती.

"लिहा म्हणावं," मी म्हणाले.

एवढंच झालं. त्याच्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आणखी चार वर्षं राहिलो. माझी कॉलेजातली जागा गेली, ती परत मिळाली नाही. तुमच्या आजोबांना तिथेच ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्या. तुमच्या आईला पुण्यात आल्यावर मराठी निबंधात दोन वर्षं कमी मार्क पडले आणि ती माझ्यावर रुसली. मार्चमध्ये परत गेलेल्या त्या तिघींपैकी दोघींचे संसार छान झाले, तेव्हा मी केलं तेच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. महिन्याचं ते ओझं वाहणं मला शेवटपर्यंत आवडलं नाही. फक्त ते झोपले की मी रागावणं सोडलं, आणि भांडी जरा हळू ठेवायला लागले.

तुमची आई कुठे थांबली असेल याचा मला अंदाज आहे. तिला सांगा, त्या दिवशी तिने ते विचारलं नसतं तर मी तिला घेऊन पुण्याला गेले असते.

त्या काळातलं सामान आम्ही तिथेच वाटून टाकलं. ते उद्यान अजून आहे की नाही, मला माहीत नाही. तुमचे आजोबा आणि मी अजून एका घरात राहतो आणि जेवायला एकत्र बसतो.