वरची खोली

“पावण्यांचं पाणी तापलं का गं?” परसातल्या चुलीपाशी काकूनं आईला विचारलं आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. पावणे म्हणजे माझे वडील, आप्पा. आदल्या दिवशीच ते मस्कतहून डिंगोऱ्याला आले होते, आणि आत मोरीच्या दिव्याचं बटण शोधत नवी भिंत चाचपडत होते.

आप्पा तिकडे इमारतींच्या स्लॅबच्या सेंट्रिंगचं काम करत. दोन वर्षांनी सुट्टीवर येत, तेव्हा दर वेळी घर त्यांना अनोळखी भेटे. ते पैसे पाठवत, फोनवर “हां, पाडा” म्हणत आणि इथे कौलं उतरत. मातीच्या भिंती गेल्या, डोक्यावर स्लॅब आला, शेवटी ओटाही गेला. तिथे ग्रीलचा व्हरांडा आणि चकचकीत फरशी आली. एवढ्या उंच दारातूनही आप्पा मान वाकवूनच आत येत.

“भावजी, कुणाच्या पाया पडताय?” काकू विचारायची.

“कपाळाला अजून निरोप न्हाई मिळाला, घर बदलल्याचा.”

ओट्यावर पूर्वी येणारी-जाणारी माणसं टेकायची. आता शेजारचे किसनतात्या कांद्याच्या रानातून आले ते ग्रीलबाहेरच थांबले. “नगं राव, पाय मातीनं भरल्यात. फरशी खराब व्हईल.” आप्पांनी हाताला धरून ओढलं, तरी नाहीच. मग आप्पाच बाहेर जाऊन अंगणातल्या विटांच्या ढिगावर त्यांच्याशेजारी बसले. ती सगळी सुट्टी त्यांनी तिथेच काढली. चहा तिथे, पेपर तिथे, दाढीसुद्धा. आज ते नाहीत. पण आप्पा म्हटलं की मला घर आठवत नाही, तो ढीग आठवतो.

त्या विटा वर माझ्यासाठी बांधायच्या खोलीच्या होत्या. मी जुन्नरला इंग्लिश मीडियमला होते आणि घरात फारशी बोलत नसे. बोलत नाही म्हणजे हिला एकांत हवा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी दाराआडून आप्पांना बघत असे. त्यांना ते कळत असावं. हाक न मारता ते बशीत थोडा चहा ठेवून उठून जात.

जायच्या आदल्या संध्याकाळी आई पायरीवर तांदूळ निवडत होती. आप्पा म्हणाले, “आता न्हाई जावं वाटत. गुडघं ऐकत न्हाईत. हितंच कामं घ्यावी म्हणतो.”

आईचा हात थांबला. “माझी कुठं ना हाय? पण पोरीची खोली?”

आप्पांनी विटांच्या ढिगाकडे पाहिलं. “ती तर व्हयाला पायजे. आपल्या गलक्यात तिचा अभ्यास व्हत न्हाई. एवढं उरकलं की आलोच.”

हे ‘आलोच’ मी दर सुट्टीत ऐकलं होतं. ते बॅगेला दोरी बांधायला उठले. मी दाराआडून बाहेर आले, व्हरांडा ओलांडून त्यांच्यासमोर उभी राहिले. आईनं मान वर केली. माझा आवाज मलाच परका वाटला.

“आप्पा, मला वरची खोली नको. तुम्ही जाऊ नका.”