खोक्याची वाढीव फळी

मी सेरवा, कुमासीच्या बाजारातली टोमॅटोवाली, आणि माझ्या मते बाजारातली सगळ्यात हुशार बाई. आमच्याकडे भाव खोक्यावर ठरतो आणि खोकी व्यापाऱ्याने आणायची असतात. म्हणून मी दर हंगामात सुताराकडून खोक्याला वर एक बारीकशी फळी ठोकून घेते. भाव तोच, माल जास्त! शेतावर रिकामी खोकी उतरवताना माझ्या नेहमीच्या शेतकऱ्याला, ओपोकूदादाला, त्याच्या नातवंडांबद्दल विचारत राहते, म्हणजे त्याचं लक्ष जात नाही.

यंदा अक्राचा एक व्यापारी त्याच्याकडे आल्याचं कळलं. त्याची खोकी लहान आणि भाव जास्त! मी धावतपळत शेतावर पोचले, तर दादा माझीच खोकी भरत होता. मला भरूनच आलं.

"दादा, माझ्यावर एवढा विश्वास?"

"आहे ना. त्याची खोकी अगदी मापात होती. हा नेमका कुठे लुबाडणार, तेच कळेना. तुझं सगळं माहीत आहे. तू वर फळी ठोकतेस, मी तळाला नासके टोमॅटो घालतो."

"नासके?" मी किंचाळले. तळाचा माल सडका निघाला की मी बिचाऱ्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत असे. "अरे, लाज नाही वाटत?"

दादाला खरोखरच राग आला.

"तुझ्या फळीत मावतील तेवढेच घालतो, सेरवा. त्याहून एकसुद्धा जास्त नाही. मी काय चोर आहे?"