पाचवं पोर

"मोजा की साहेब! पोरं हायती, खडी न्हाय!" कमरेवर हात ठेवून चाची असं म्हणाली, की समोरचा माणूस निम्मा हरलाच म्हणून समजा.

तेव्हा मी गगनबावड्याकडं रोजगार हमीच्या रस्त्यावर हजेरी घ्यायचो. मजुरी मिळायची, पण दिवसभर खडी फोडली तरच. मग घरात पोर तापलेलं का असेना. त्यामुळं आया कामावर आणि आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या मुली शाळा सोडून धाकट्यांना सांभाळत घरी. कामावर पाच लहान मुलं असली, तर त्यांना बघायला एक बाई नेमता येई. खडी फोडायचं वय उलटलेल्या चाचीला ते काम मिळालं. करंजाच्या झाडाला लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या गेल्या, अन् थोरल्या मुली शाळेत परतल्या.

एके दिवशी एक बाई आजारी पडली. तिचं पोरही घरीच राहिलं. उरली चार. नेमके त्याच दिवशी तालुक्याचे साहेब तपासणीला आले.

"एक, दोन, तीन, चार..." साहेब झोळ्यांत डोकावत होते. "पाचवं कुठाय?"

"ते काय, निजलंय." चाचीनं कडेची झोळी हलवली.

झोळीतून आवाज आला, "बें!"

"घसा बसलाय बिचाऱ्याचा," चाची म्हणाली.

मी हजेरीच्या वहीत तोंड खुपसलं. तुम्हीही तेच केलं असतं.

साहेबांनी फडकं बाजूला सारलं. आतल्या करडानं मान वर काढली आणि त्यांच्या बाहीचं बटण चघळायला घेतलं.

"अहो, हे शेळीचं करडू आहे!"

"व्हय, करडू हाय. खोटं बोलले मी," चाची म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "पाचवं पोर आजारी आईजवळ हाय. तुमी चार लिवा. मंग माझं काम बंद, अन् उद्यापास्नं पोरी साळा सोडून पुन्ना घरात. त्यास्नी मातर तुमीच जाऊन सांगा."

साहेबांनी बटण सोडवून घेतलं. मग माझ्याकडून वही ओढून घेतली आणि लिहिलं: 'मुले पाच. पैकी एक गैरहजर, आजारपणामुळे.' जाताना करडाच्या कानाला हलकेच चिमटा काढला.

त्या वर्षीच्या थंडीत चाची वारली. कामावर आलं नाही तर मजुरी बुडते, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी त्या सकाळी खडीच्या ढिगापाशी मी एकटाच. शेवटी वही काखेत मारून चाचीच्या दारात गेलो. कडेवरच्या पोरांसकट सगळ्याजणी तिथं हजर होत्या.