ते म्हशीले बसूच देत नव्हते

टाकू का नको, दोन दिवस हेच करून राह्यलो... कारण या ग्रुपवर भुताच्या पोस्टी वाचून सर्वात जास्त हासणारा मीच हाव. पण हे भूत नव्हतं. जनावर होतं. कोणतं — ते मले विचारू नका.

अनसिंगच्या अलीकडं आमच्या वावराले लागून ई-क्लासचा, म्हणजे सरकारी चराईचा माळ हाय, गवत गुडघ्याएवढं. यंदा सोयाबीन सोंगायले माणसं भेटली नाई, म्हणून आठ दिवस मी आन् माही काकूच सोंगून राह्यलो होतो. हात उचलत नव्हते. त्यात काकूची गाभण म्हैस सकाळी दावं तोडून गेली. दुपारी तीनच्या सुमाराले माळावर दिसली — तोंडाले फेस, पाय थरथर. बसायले गेली का बाजूचं गवत हाले, आन् ती दहा पावलं पुढं चाले. थांबे... पुन्हा तेच.

मंग ते दिसले. कुत्र्याएवढे, रंग वाळल्या गवताचा, कान नाई, डोळे पार टाळूवर. म्हणजे अंग गवतात आन् फक्त डोळे वर! एक उठे, म्हशीच्या मागं चाले, गपकन झोपे. मंग पुढचा उठे. सात मोजले. आवाज शून्य. (फोटो कुठं हाय म्हणसान... मोबाईल वावराच्या धुऱ्यावर, डब्याच्या पिशवीत!)

"लांडगे हायेत," काकू म्हणे.

"काकू, लांडग्याले कान राह्यतात!"

"मंग तूच सांग, लय शिकेल हायेस ना!"

मी ढेकलं मारली, बोंबललो. एकानंबी मान वळवली नाई.

"पारीपारीनं करून राह्यले गज्या," काकू हळूच म्हणे. "तिले थकवून मारतात हे."

तेवढ्यात म्हैस बसलीच. सातही एकदम उठले. मी काकूचा हात ओढला — "पळ!" तं काकू सरळ जाऊन म्हशीले टेकून बसली.

"काकू, उठ ना वं!"

"नाई उठत. आठ दिवस झाले वाकून राह्यली. आता मले तू नाई उठवत, आन् हेबी नाई. खायचं तं खा म्हणा."

माहेबी पाय गेले होते. बसलो. ते पाच-सहा हातांवर आले... त्याइचेबी पोटं भात्यासारखे हालून राह्यले होते. मंग एकेक करून तेबी खाली बसले. आमच्या भोवती, गोल. खरं सांगतो, भ्यायचीबी ताकद नव्हती. वीसेक मिनिटं आमी सगळे नुसते दम खात होतो.

मंग ते उठले न् गेले.

म्हैस कशीबशी उठली. माळ उतरताना मी मागं पायलं — समोरच्या उतारावर एक रोही, म्हणजे नीलगाय हो, एकटाच. दहा पावलं चालला, थांबला. गवत हाललं. पुन्हा दहा पावलं.

"चाल," काकू म्हणे. "आपल्याच्यानं आता काई होत नाई."

म्हैस चौथ्या दिवशी व्याली, पारडी चांगली हाय. गावातले म्हणतात तरस असन. आमाले काहून सोडलं, मले आजबी समजलं नाई... आन् त्या रोह्याले बसायले भेटलं का नाई, तेबी माहीत नाई.