मूठभर ओल

बर्फावर चालायच्या लांब पट्ट्यांना, म्हणजे स्कींना, खालून मेण लावतात, आणि बर्फ बदलला की मेणही बदलावं लागतं. बर्फ मुठीत दाबून बघायचा. त्याचा गोळा झाला तर मऊ मेण, भुकटी होऊन सांडला तर कडक. चुकलं की चढावर पाय मागं घसरतो, नाहीतर पट्टीला बर्फाची ढेकळं चिकटतात. पलटणीत हे मला पहिल्याच दिवशी जमलं. स्की शिकवणारे उस्ताद सगळ्यांसमोर शाबासकी द्यायचे आणि मला चीड यायची. यात कसली आलीय शाबासकी? माण तालुक्यातल्या आमच्या रानात वडील पेरणीआधी माती अशीच मुठीत दाबून ओल बघायचे. त्यांनीच मला ते शिकवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात सुट्टीवर आलो, तेव्हा वडील बांधावर बसले होते. सवयीनं मी वाकलो, मूठभर माती उचलली आणि दाबली. ती पिठासारखी बोटांमधून गळून गेली. असल्या बर्फाला माझ्याकडं कडक मेण होतं. हिला काय लावणार, कपाळ?

वडिलांनी मान फिरवली.

"टाक ती खाली," ते म्हणाले. "मी आता बगतच न्हाई."