हिस्ट्री कोणी पुसली?

रोहिणी दोंदेचं दुकान नाशिक रोडला, एक झेरॉक्सवाला आणि एक चष्मेवाला यांच्या मधोमध. वडील सहादू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. पोरीच्या वाट्याला धूळ नको म्हणून त्यांनी तिला कॉम्प्युटर शिकवला, आणि आता ती दिवसभर लोकांच्या कॉम्प्युटरमधली धूळ ब्रशने काढते. कॉम्प्युटरमधून पुसलेलं शोधायचं आणि ते कोर्टात टिकेल असं मांडायचं, याचा कोर्स तिने दोन वर्षं दर रविवारी जाऊन पुरा केला. प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय. गिऱ्हाईकं ते नीट वाचतात आणि विचारतात, "ताई, मोबाइलला काच बसवून मिळेल का?"

ते प्रमाणपत्र एकदाच कामाला आलं, जेल रोडवरच्या एका सोसायटीत.

तिथले चेअरमन खंडेराव मोगल सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांचा साहेबपणा निवृत्त झाला नव्हता. एके दिवशी त्यांच्या नावाने पालिकेची नोटीस आली. गच्चीवरची पत्र्याची खोली अनधिकृत आहे, काढून घ्या. त्या खोलीत पंखा होता, खाट होती आणि दुपारी दोन ते चार चेअरमनसाहेब होते. नोटिशीवर तक्रार क्रमांक होता. तक्रारदाराचं नाव नव्हतं.

खोली बेकायदा आहे की नाही, हा विषय निघालाच नाही. तक्रार कोणी केली, एवढाच विषय निघाला. तक्रार ऑनलाइन होती, आणि सगळ्यांना मोकळा असलेला कॉम्प्युटर एकच, सोसायटीच्या ऑफिसातला. सचिव गोटीराम बोडके यांनी तो उघडला, तर ब्राउझरची हिस्ट्री साफ. एक ओळ नाही.

"म्हणजे चोराने पुसली," खंडेराव म्हणाले. ऑफिसची किल्ली वॉचमन गेणूकडे. त्याला समोर उभं केलं.

"कॉम्प्युटरची हिस्ट्री कोणी पुसली?"

गेणू इगतपुरीकडचा, साधा माणूस. "म्याच पुसतो की साहेब. रोज सकाळी. कोरड्या फडक्यानं. वलं लावत नाय."

गोटीरामांनी इतिवृत्तात लिहिलं, 'वॉचमनने गुन्हा कबूल केला.' गेणूला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पण खंडेरावांना प्रकरण पोलिसांत न्यायचं होतं आणि त्यासाठी पक्का पुरावा हवा होता. म्हणून रोहिणीला बोलावणं गेलं.

तिने सगळ्यांसमोर हार्ड डिस्क काढली, तिच्यात काही लिहिलं जाणार नाही असं यंत्र मध्ये जोडलं आणि हुबेहूब प्रत घेतली. प्रतीतून एक लांबलचक आकडा निघाला. तो तिने कागदावर उतरवून कमिटीच्या सह्या घेतल्या. "हा डिस्कच्या अंगठ्याचा ठसा समजा," ती म्हणाली. "एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो."

"पण पुसलेलं कसं मिळणार?" गोटीरामांनी विचारलं.

"पुसलं म्हणजे यादीतून नाव काढलं. मजकूर तिथेच पडून असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. तीन महिन्यांचं बरंचसं मिळेल."

चहा न घेताच कमिटी उठली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आणि गोटीराम यायला एकच गाठ पडली. त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी बायकोवर स्वतःची म्हणून जी कविता वाचली, ती इंटरनेटवरची होती. "तेवढं पान वगळता आलं तर बघा. ती अजून रडते ती कविता ऐकून." दुपारी सिंधुबाई आल्या. त्यांची पहिलं बक्षीस मिळालेली रांगोळी कोण्या गुजराती बाईच्या पानावरची निघणार होती. संध्याकाळपर्यंत पाच जण येऊन गेले, आणि पाचही जण आपलं पाहून झालं की हिस्ट्री पुसूनच उठायचे. प्रत्येकजण सुरुवातीला म्हणायचा, "माझं काही नाही हो, सहज आलो."

शेवटी खंडेरावांचा फोन आला. "गेणूचं नाव आलं का?"

"रिपोर्टमध्ये आहे ते सभेत सांगते, काका."

"थोडं इकडंतिकडं करता येईल ना?"

"आकडा बदलेल."

"मग आकडाही बदला!"

"त्यावर तुमचीच सही आहे."

सभेला सगळे आले. रोहिणीने आधीच सांगितलं, "मी फक्त तक्रारीचं पान वाचणार. बाकी कोणी काय पाहिलं, तो माझा विषय नाही." पंधरा-वीस माणसांनी एकदम श्वास सोडला.

"नोटिशीवरचा तक्रार क्रमांक आणि या पानावरचा एकच आहे. तक्रार याच कॉम्प्युटरवरून झाली, रविवारी सकाळी अकरा दहाला. मजकूर असा: 'आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अनधिकृत बांधकाम आहे.' कॉम्प्युटर माणूस ओळखत नाही, हे आधी सांगते. पण अर्जात मोबाइल नंबर द्यावा लागतो. हिस्ट्री पुसली, तरी फॉर्ममध्ये भरलेला नंबर ब्राउझरमध्ये राहून गेला." तिने नंबर वाचला.

तो नंबर नोटीस बोर्डावर ठळक अक्षरांत होता. अध्यक्ष, खंडेराव मोगल.

"अहो, मी निकिताच्या जाळीबद्दल लिहिलं होतं!" खंडेराव ओरडले. समोरच्या विंगमधल्या निकिताने गच्चीतल्या कुंड्यांवर हिरवी जाळी बांधली होती, ती त्यांच्या डोळ्यांत सलायची. पालिकेचे लोक गच्चीवर आले, त्यांनी जाळी पाहिली, आणि मग पलीकडे पंख्यासकट खोली पाहिली. तक्रार कोणाविरुद्ध, हे लिहायचं साहेब विसरले होते. आणि नोटीस आपल्यालाच आली म्हणजे दुसऱ्या कोणीतरी दुसरी तक्रार केली, असं ते क्रमांक ताडून न पाहता आठ दिवस मनापासून समजत होते.

कोणी हसायच्या आत गोटीराम उठले. "स्वतःच्या बांधकामाविरुद्ध तक्रार करणारा चेअरमन मी पहिल्यांदाच पाहतोय. अभिनंदनाचा ठराव मांडतो." सिंधुबाईंनी अनुमोदन दिलं. टाळ्या झाल्या. खंडेरावांनी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि हात जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"शाल नंतर द्या," रोहिणी म्हणाली. "आधी गेणूकाकांना फोन लावा. माझ्यासमोर."

फोन लागला. गोटीराम बोलले, पण 'चूक झाली' म्हणायची पाळी आली तेव्हा त्यांनी तो खंडेरावांच्या हातात दिला.

"चूक झाली गेणू. उद्यापासून ये."

"नवं फडकं लागंल साहेब, जुनं फाटलंय," गेणू पलीकडून म्हणाला.

सत्कार झालेल्या माणसाला खोली ठेवता येत नाही. शनिवारी पत्रे उतरले.

पुढच्या महिन्यात सोसायटीतल्या सहा घरांनी घरचे लॅपटॉप घेतले, पाच रोहिणीकडूनच. प्रत्येकाने आवाज खाली आणून विचारलं, "यात पण सगळं राहतं का हो?"

"राहतं," तिने सांगितलं.

तरी पाचही जणांनी घेतले.